बस्त्यावचा कान आणि माझं तोंड

जुनी मोटारसायकल घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी हमखास साठतात. एक, उरलेले नटबोल्ट. दोन, किस्से! गाडी खोलून परत जोडली की एक तरी नट उरतोच. तो कुठला, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. गाडी चालतेय ना, मग आपण तो डब्यात टाकतो आणि विसरतो. किश्श्यांचंही तसंच होतं. कधी लागेल म्हणून ठेवायचा, आणि चार माणसं जमली की काढायचा.

माझ्याकडे दोन्ही डबे काठोकाठ भरलेत. नटबोल्टांनी कुणाचं वाईट केलेलं नाही. पण माझ्या एका किश्श्याने माझ्या मित्राचा, बस्त्यावचा, धंदा बुडवला. तेव्हापासून तो किस्सा मी कुणाला सांगितलेला नाही. आज सांगणार आहे, पण सगळे ओळीने सांगतो. नाही तर तुम्हाला वाटेल की आम्ही आधीपासूनच असे तोंड पाडून बसणारे होतो.

आम्ही म्हणजे तिघे. मी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर. बाबी, नारळ-काजूची बाग सांभाळणारा आमचा शेजारी. आणि बस्त्याव, होड्यांच्या इंजिनांचा मिस्त्री. तिघांच्याही गाड्या तिशीच्या पुढच्या. तोंडवलीला माझ्या घरापुढच्या खळ्यात दर रविवारी आमचा कारखाना भरायचा. बस्त्याव चर्चमधून मिस्सा आटोपून इस्त्रीच्या पँटीत यायचा, आमच्या पडवीत हाफ पँट चढवायचा आणि म्हणायचा, "हां मास्तर, सांग. आज काय बिघडवलंस?"

* * *

सुरुवात माझ्यापासूनच करतो, म्हणजे पुढे कुणी नावं ठेवायला नको.

मी पुस्तकी माणूस. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक मी प्लास्टिकचं कव्हर घालून जपलेलं. ऑइल बदलायचं काम पहिल्यांदा घरी करायचं ठरलं तेव्हा मी बाबीला पुस्तक धरून उभं केलं आणि बस्त्यावला सांगितलं, "तू हात लावायचा नाहीस. फक्त बघ."

इंजिन गरम केलं. खाली पत्र्याचा डबा ठेवला. ड्रेन नट खोलला. काळं ऑइल शेवटच्या थेंबापर्यंत निथळू दिलं. डबा उचलून लांब नेऊन ठेवला. मग नवा कॅन उघडला आणि वर्गात प्रयोग करताना ओततात तसं, धार न मोडता, सगळं ऑइल इंजिनात ओतलं. बाबी म्हणाला, "मास्तर, पाय ओले कशे झाले रे माझे?"

ड्रेन नट माझ्या खिशात होता!

तुळशीच्या लग्नासाठी बायकोने आदल्याच दिवशी खळं शेणाने सारवलं होतं. त्यावर आता नवंकोरं ऑइल सावकाश पसरत होतं. बस्त्याव पायरीवर बसून सगळं बघत होता. मी सांगितल्याप्रमाणे त्याने हात लावला नव्हता. एवढंच म्हणाला, "मास्तर, पुस्तकात नट परत लावूक सांगूक नाय काय?"

बायको दारात आली, तिने खळं बघितलं, मला बघितलं. "उद्या सारवूक तुमीच बसा," म्हणाली आणि आत गेली. मी बसलो. बाबीने ते सबंध वाडीला दाखवलं.

* * *

बाबीची पाळी पुढच्याच पावसाळ्यात आली.

आमच्याकडे गाडीचा खरा शत्रू म्हणजे खारं वारं. सायलेन्सर, रिम, चेन, सगळं गंजतं. कुणी खोबरेल चोळतं, कुणी जुनं ऑइल फासतं. बाबीच्या डोक्याने एक पाऊल पुढे टाकलं. लाकडी होडी टिकावी म्हणून तिला माशाचं तेल लावतात. होडी तर चोवीस तास खाऱ्या पाण्यात! मग गाडीला का नको? त्याने किनाऱ्यावरून डबाभर तारल्याचं तेल आणलं आणि गाडीच्या पोटाला, चेसिसला, मडगार्डच्या आतून दोन हात मारले.

वाडीतली मांजरं त्याच्या घरी राहायला आली. ते एक वेळ ठीक होतं. पण श्रावणातल्या सोमवारी त्याला धामापूरला बहिणीच्या सासरी जावं लागलं. श्रावणात त्या घरात मासळीचं नावसुद्धा घेत नाहीत. बाबीने गाडी खळ्यात लावली, इंजिन तापलेलं, आणि पाच मिनिटांत घरभर तव्यावर तारली टाकल्याचा वास सुटला.

बहीण बाहेर आली. "बाबी, शिरावण चलताहा! काय हाडलंस तू?"

बाबी शपथा घेत होता, डिकी उघडून दाखवत होता. बहीण लाजेने अर्धी झाली. तिने गाडी लांब फणसाखाली लावायला सांगितली. एवढ्यात तिचे सासरे उठले. ऐंशीच्या घरातला माणूस, काठीशिवाय चालत नाही. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची फरफटत फणसाखाली नेली आणि गाडीच्या वाऱ्याला बसले.

"मामंजी, आत चला. डास चावतीत."

"असांदे गो. हंयसर वारो बरो लागता!"

चार वाजेपर्यंत म्हातारा तिथून हलला नाही. बाबी निघाला तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला आणि हळू आवाजात सांगितलं, "फुडच्या सोमवारी परत ये. आणि हीच गाडी घेवन ये!"

* * *

आता बस्त्यावच्या कानाबद्दल सांगायला हवं.

माणूस सातवी शिकलेला. पण इंजिनाचा आवाज ऐकून तो आजार सांगायचा. किनाऱ्यावर उभा राहून समुद्रातून येणाऱ्या होडीकडे पाठ करायचा आणि म्हणायचा, "ह्येचो एक नोझल गेलो." होडी लागल्यावर खोलून बघावं तर तसंच असायचं. माझी गाडी तर ओढ्यावरच्या साकवावर आली की तो घरात बसून ओळखायचा. मी त्याच्या दारात पोचेपर्यंत त्याच्या बायकोने, रोझीने, चहा गाळलेला असायचा.

त्याची पद्धत अशी. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कुणी बोललेलं त्याला खपत नसे.

एकदा मुंबईचे एक डॉक्टर किनाऱ्यावर फिरायला आलेले. त्यांनी हा प्रकार बघितला आणि हसत विचारलं, "काय हो, हा तुमचा स्टेथोस्कोप का?"

बस्त्यावने डोळे उघडले नाहीत. "डॉक्टरसायब, तुमचो पेशंट सांगता, हंय दुखता म्हणान. माझो पेशंट सांगणा नाय."

डॉक्टर जाताना आपली गाडी त्याला ऐकवून गेले!

* * *

एका रविवारी माझा कार्बोरेटर साफ करत होतो. बायकोचा स्टीलचा टोप, त्यात पेट्रोल, त्यात कार्बोरेटरचे सुटे भाग. (तो टोप पुन्हा स्वयंपाकघरात गेला नाही, हे वेगळं सांगायला नको.) त्यातला एक जेट म्हणजे तांदळापेक्षा जरा मोठं पितळी नळकांडं. तेवढं एक नसलं तर गाडी चालू होत नाही. तोच नाहीसा झाला.

खळ्यात बायकोची तलंगी फिरत होती. बाबी ओरडला, "कोंबयेन गिळल्यान! माझ्या डोळ्यांनी बघितलंय!"

आता कोंबडीला काय विचारणार? टोपलीखाली झाकून ठेवली. दोन दिवस तिघेही आळीपाळीने टोपलीखालचं तपासत होतो. ते काम मी इथे सविस्तर सांगत नाही. जेट काही बाहेर आला नाही. शेवटी बुधवारी बाबीने निकाल दिला. कोंबडी कापली. आतमध्ये जेट नाही! पण कापलेली कोंबडी तर परत जोडता येत नाही. वडे झाले, सागोती झाली, तिघेही तुडुंब जेवलो. हात धुवायला वाकलो तर माझ्या त्याच रविवारच्या पायजम्याच्या दुमडीतून काहीतरी पायरीवर पडलं.

बायको भांडी उचलत होती. तिने जेटकडे बघितलं. "फुडच्या आयतवारी काय हरवतलात?"

"बोकड गिळतलो असा कायतरी, वैनी!" बस्त्याव म्हणाला.

हा किस्सा मी पन्नास वेळा सांगितला असेल. पण त्यातली एक गोष्ट मी कधी सांगितली नाही, कारण तेव्हा मला ती दिसलीच नव्हती. जेट पडल्याचा आवाज झाला होता. चिऱ्याच्या पायरीवर पितळ पडलं की टिंग वाजतं. तो आवाज बाबीने ऐकला, मी ऐकला, आणि आम्ही दोघांनी एकदम माना वळवल्या. पायरीवर बसलेल्या बस्त्यावने वळवली नाही. साकवावरून माझी गाडी ओळखणारा माणूस तो!

त्या सुमारास मी त्याच्याकडे गेलो की चहा गाळलेला नसायचा. मी पोचल्यावर ठेवायचे. मला वाटायचं, रोझी आता थकली.

* * *

गेल्या दसऱ्याची गोष्ट. हाच तो किस्सा.

दसऱ्याला आमच्याकडे गाड्या धुऊन हार घालतात. त्या दिवशी खळ्यात मोठी जत्रा होती. वाडीतले लोक, शिवाय आपट्याची पानं द्यायला आलेले तीन-चार होडीवाले. माझ्या गाडीचा टॅपेट वाजत होता. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा, झडपा उघडमीट करणारा भाग. तो सैल झाला की शिलाई मशीनसारखा टिकटिक आवाज येतो. किती सैल ठेवायचा ते पान्याने आवळून ठरवायचं. बस्त्याव त्यातली फट मोजायला दाढीचं जुनं ब्लेड वापरतो.

त्याने टॅपेट लावला. मी किक मारली. त्याने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आता बघ. सोन्यासारखी चलता!"

टिकटिक चालूच होती. पहिल्यापेक्षा जोरात! सगळ्यांना ऐकू येत होती. हार घेऊन उभ्या असलेल्या पोरीसुद्धा एकमेकींकडे बघायला लागल्या.

"बस्त्याव, वाजता रे अजून," बाबी म्हणाला.

"काय वाजणा नाय," बस्त्याव म्हणाला.

आणि मी, माझं हे तोंड, मोठ्याने बोललो, "बस्त्याव, माझी गाडी रवांदे. आधी तुझे कान दुरुस्त करून घे!"

काय हशा पिकला! होडीवाले तर गुडघ्यावर हात मारून हसले. मीही हसलो. मास्तरकीची जुनी खोड, वर्ग हसला की मला चेव चढतो.

बस्त्यावने स्क्रूड्रायव्हर पुन्हा कानाला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग दुसऱ्या कानाला लावला. मग चिंधीने एकेक पाना पुसला, पिशवीत भरला, साबणाने हात धुतले, इस्त्रीची पँट चढवली आणि गेला. चहा घेतला नाही.

मी तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण किस्सा हातात आला की मला गप्प बसवत नाही. चहाच्या टपरीवर सांगितला. एका लग्नात नकलेसकट सांगितला, चमच्याचा स्क्रूड्रायव्हर करून, डोळे मिटून. "सोन्यासारखी चलता!" लोक जेवता जेवता हसत होते. तिथे कुणीतरी पुन्हा सांग म्हणालं, आणि मी पुन्हा सांगितला.

* * *

दिवाळीनंतर किनाऱ्यावर मासे घ्यायला गेलो. एका होडीचं इंजिन टेंपोत चढवत होते. दुसऱ्या गावी, दुसऱ्या मिस्त्रीकडे. मी सहज विचारलं, "का रे, बस्त्याव नाही का?"

होडीवाला माझ्याकडे बघतच राहिला. "मास्तर, तुमीच सांगलात मा, तेका आयकाक येणा नाय म्हणान? मगे इंजिन तेच्याकडे कसा देवचा?"

माझ्या हातात पिशवी होती. काय घ्यायला आलो होतो ते आठवेना. तसाच परत आलो.

रविवारी खळ्यात मी आणि बाबी, दोघेच. टॅपेट मी स्वतः लावायला घेतला. बाजारातून फट मोजायचा खरा फीलर गेज आणला, पुस्तक उघडं ठेवलं. इतका आवळला की गाडी चालूच होईना. सैल केला तर टिकटिक. पुन्हा आवळला. तास-दीड तास किका मारून मी घामाघूम झालो. बाबी म्हणाला, "मास्तर, जा ना तेच्याकडे."

"तो यायला नको?" मी म्हणालो. असं म्हणण्याइतका निर्लज्जपणा माझ्यात अजून शिल्लक होता.

नाताळला दरवर्षीप्रमाणे त्याच्या घरून ताट आलं. नेवऱ्या, दोदोल, केक, वर विणलेला रुमाल. दरवर्षी ताट बस्त्याव आणायचा, या वर्षी रोझी घेऊन आली. दारातूनच दिलं आणि गेली. आमच्याकडे असं ताट रिकामं परत करत नाहीत. बायकोने लाडू भरले, वर तोच रुमाल टाकला आणि माझ्याकडे वळली.

"ताट मी पोचवतंय. माफी तुमची तुमी पोचवा."

* * *

जानेवारीतल्या एका सकाळी गेलो. गाडी टिकटिकत होती, तशीच नेली.

बस्त्याव पडवीत कोयत्याला मूठ बसवत होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते आठवडाभर मनात घोकलं होतं. खाली मान घालून, हळू आवाजात, सगळं म्हटलं. तो मूठ ठोकतच राहिला.

रोझी दारात आली. "मोठ्यान सांगा, मास्तर. असा तेंका आयकाक येवचा नाय."

मग मी मोठ्याने सांगितलं. "बस्त्याव, चुकलंय मी!" त्याने मान वर केली. "काय?" मी आणखी मोठ्याने, घसा ताणून ओरडलो, "चुकलंय मी! माझ्यामुळे तुझा काम गेला! माका माफ कर!" पलीकडच्या घरातली माणसं दगडी गडग्यापाशी येऊन उभी राहिली. रस्त्याने जाणारा सायकलवाला थांबला. माझे डोळे भरून आले होते आणि मी बाजारात भाजीवाला ओरडतो तसा ओरडत होतो.

बस्त्यावने हात वर केला. "बस. गावान आयकला."

लोक पांगले. रोझी आत गेली. त्याने कोयता बाजूला ठेवला.

"तू खोटा नाय बोललंस," तो म्हणाला. "कान गेलेत माझे. चाळीस वर्षां इंजिनाशेजारी बसान गेले. माकाच कळाक नाय. पण तुका कळला, तर पयल्यान माका सांगूचा होता. एकट्याक."

"मी सगळ्या होडयेवाल्यांका जाऊन सांगतंय," मी ओरडलो.

"काय सांगतलंस? माका आयकाक येता म्हणान?"

खरंच, काय सांगणार होतो! त्याचं गेलेलं काम माझ्या माफीने परत येणार नव्हतं. हे त्याला माहीत होतं आणि आता मलाही कळलं.

तो उठला, आतून पिशवी आणली आणि गाडीजवळ बसला. इंजिन थंड होईपर्यंत एकेक पाना पुसत राहिला. मग झाकण खोललं, ब्लेड घातलं, पाना फिरवला, पुन्हा ब्लेड घातलं. झाकण लावलं आणि मला किक मारायची खूण केली.

गाडी चालू झाली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"सांग. वाजता?"

टिकटिक होती. पूर्वीपेक्षा बारीक, पण स्पष्ट होती.

"नाय," मी ओरडलो. "काय वाजणा नाय. सोन्यासारखी चलता!"

त्याने पंजा इंजिनाच्या डोक्यावर ठेवला. डोळे मिटले. चटका बसायला लागेपर्यंत हात काढला नाही. मग हात पँटीला पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

"तेवा खरा बोललंस, तां चार लोकांत. आता हंय तू नि मी, तर खोटा कित्याक बोलतंस?"

आणि गाडी बंद करून झाकण पुन्हा खोलायला बसला.